सर्व्हर बदलला, नाव तेच ठेवायचे आहे: ऑफिसच्या नेटवर्कमध्ये ॲलियस कसा लावावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना, साठेक संगणक, चिंचोळीला दुसरे युनिट व्हीपीएनने (इंटरनेटवरून जाणाऱ्या खासगी जोडणीने) जोडलेले. ‘लक्ष्मी’ नावाचा विंडोज सर्व्हर २०१२ आर२ बंद करून त्याच्या जागी ‘एसएलआर-एफएस-०१’ हा नवा सर्व्हर आणला. सगळीकडे जुनाच पत्ता लिहिलेला आहे: अकाउंट्सच्या एक्सेल फाइलींत, डिझाइन विभागाच्या जॅकार्डच्या सॉफ्टवेअरमध्ये, टॅलीच्या डेटा पाथमध्ये, उत्पादनाच्या एसक्यूएल सॉफ्टवेअरमध्ये. म्हणून तुम्ही डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून संगणकाचा पत्ता सांगणाऱ्या सेवेत, ‘लक्ष्मी’ नावाचा सीनेम (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे नेणारी नोंद, म्हणजेच ॲलियस) नव्या सर्व्हरकडे वळवला. आता काही संगणकांवर \\लक्ष्मी\डिझाइन उघडते, बहुतेकांवर ‘टार्गेट अकाउंट नेम इज इनकरेक्ट’ असा संदेश येतो. नावाऐवजी आयपी (सर्व्हरचा आकडी पत्ता) टाकला की सगळीकडे उघडते. नेटवर्कचे काम बघणाऱ्याने प्रत्येक संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये (नावे आणि त्यांचे आयपी यांच्या त्या संगणकापुरत्या यादीत) नोंद करायला सांगितले आहे. ते करावे का, हा तुमचा प्रश्न.

करू नका. होस्ट्स फाइलने ही अडचण सुटणार नाही, कारण ती डीएनएसची नाहीच. तुमचे संगणक ‘लक्ष्मी’ या नावावरून नव्या सर्व्हरपर्यंत बरोबर पोहोचत आहेत. अडकतात ते ओळख पटवताना. होस्ट्स फाइलमध्ये तेच नाव आणि तोच आयपी लिहिला तर ते त्याच दारापर्यंत जाऊन तिथेच अडकतील, आणि साठ संगणकांवर साठ नोंदी मागे राहतील. पुढच्या वेळी सर्व्हरचा आयपी बदलला की त्या नोंदी कोणाला आठवणार नाहीत आणि डीएनएस दुरुस्त असूनही संगणक चुकीकडे जात राहतील. होस्ट्स फाइल एखाद्या संगणकावर तासाभराच्या चाचणीसाठी उत्तम आहे. चाचणी संपली की ओळ पुसायची.

आता खरे कारण. डोमेनमधला संगणक \\लक्ष्मी असा पत्ता उघडतो तेव्हा तो डोमेन कंट्रोलरकडे, म्हणजे डोमेनमधली (ऑफिसच्या सामाईक यादीतली) सगळी खाती सांभाळणाऱ्या सर्व्हरकडे, जाऊन ‘मला लक्ष्मीच्या फाइल सेवेचे तिकीट द्या’ असे मागतो. ही कर्बेरोसची पद्धत. डोमेन कंट्रोलर ॲक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे त्या खात्यांच्या नोंदवहीत, बघतो की ‘लक्ष्मी’ हे सेवेचे नाव, म्हणजे एसपीएन, कोणत्या खात्यावर नोंदलेले आहे. तुम्ही जुना सर्व्हर बंद केलात, त्याची डीएनएसमधली नोंद काढलीत, पण ॲक्टिव्ह डिरेक्टरीतले त्याचे संगणक-खाते तसेच आहे. ‘होस्ट/लक्ष्मी’ ही नोंद अजून त्याच खात्यावर आहे. त्यामुळे तिकीट जुन्या सर्व्हरच्या गुप्त किल्लीने बंद होऊन निघते. संगणक ते तिकीट डीएनएसच्या सांगण्यावरून नव्या सर्व्हरला देतो. नव्याकडे ती किल्ली नाही, त्याला तिकीट उघडता येत नाही, आणि विंडोज म्हणते की समोरच्या खात्याचे नाव चुकीचे आहे. ज्या संगणकावर हे घडते त्याच्या सिस्टिम लॉगमध्ये ‘सिक्युरिटी-कर्बेरोस’ या स्रोताखाली इव्हेंट क्रमांक ४ सापडेल. ती नोंद उघडून पाहा. त्यात कोणत्या खात्याच्या नावाने तिकीट निघाले ते लिहिलेले असते. तिथे ‘लक्ष्मी’ दिसले की निदान पक्के झाले.

मग काही संगणकांवर का उघडते? ते संगणक बहुधा डोमेनमध्ये नाहीत, वर्कग्रुपमध्ये आहेत आणि सर्व्हरचे नाव-पासवर्ड साठवून चालतात. त्यांचा कर्बेरोसशी संबंध येत नाही. ते एनटीएलएम या जुन्या पद्धतीने ओळख पटवतात आणि एनटीएलएमला समोरच्याचे नाव काय आहे याच्याशी फारसे देणेघेणे नसते. आयपीने सगळीकडे उघडते त्याचे कारणही तेच: पत्त्यात आयपी असला की विंडोज नेहमीच्या मांडणीत एनटीएलएमवरच जाते.

इथे एक गोष्ट जोर देऊन सांगतो. बऱ्याच ऑफिसांत ॲलियस ‘चालतो’ म्हणजे नुसता एनटीएलएमवर तगलेला असतो. जे नाव कोणत्याच खात्यावर नोंदलेले नाही त्याचे तिकीट डोमेन कंट्रोलर देत नाही, मग विंडोज गुपचूप एनटीएलएमवर उतरते, फोल्डर उघडतो आणि काम झाले असे सगळ्यांना वाटते. मायक्रोसॉफ्टने जून २०२४ मध्ये एनटीएलएम कालबाह्य यादीत टाकले. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आणि विंडोज सर्व्हर २०२५ यांतून त्याची पहिली आवृत्ती काढूनच टाकली आहे. पुढे कधीतरी एखाद्या अपडेटने किंवा सुरक्षा धोरणाने एनटीएलएम बंद होईल आणि त्या दिवशी असे सगळे अर्धवट ॲलियस एकदम मरतील. म्हणून ॲलियस चालतो की नाही एवढेच पाहू नका, तो कर्बेरोसवर चालतो का ते पाहा. पाहायची रीत सोपी आहे. संगणकावर फोल्डर उघडा आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘केलिस्ट’ ही कमांड द्या. तिकिटांच्या यादीत ‘सीआयएफएस/लक्ष्मी’ असे तिकीट दिसले पाहिजे. दिसले नाही आणि तरी फोल्डर उघडला, तर तो एनटीएलएमवर चालला आहे. (कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहितो आहे, टाइप अर्थात इंग्रजीत करायच्या.)

आता दुरुस्ती. क्रम महत्त्वाचा आहे: आधी नाव मोकळे करायचे, मगच ते नव्या सर्व्हरला द्यायचे.

जुना सर्व्हर अजून सुरू होत असेल तर त्याचे खाते पुसण्याऐवजी त्याला सुरू करून त्याचे नाव डोमेनमध्येच बदला, ‘लक्ष्मी-जुना’ असे काही. नाव बदलले की त्याच्या खात्यावरच्या सेवा-नोंदीही नव्या नावाच्या होतात आणि ‘लक्ष्मी’ मोकळे होते. शिवाय एखादी फाइल कॉपी करायची राहिली असेल तर तो हाताशी राहतो. सर्व्हर सुरूच होत नसेल तर खाते काढावे लागेल. खाते नुसते डिसेबल करून भागत नाही, कारण डिसेबल केलेल्या खात्यावर एसपीएन तशीच राहते. काढण्याआधी त्या सर्व्हरवर आणखी काय होते ते तपासा. छोट्या कारखान्यांत एकाच डब्यावर फाइल, प्रिंटर, डीएचसीपी (संगणकांना आयपी वाटणारी सेवा), टॅलीचा परवाना आणि कधी कधी डोमेन कंट्रोलरही असतो. तो डोमेन कंट्रोलर असेल तर खाते असे हाताने काढायचे नाही, त्याची वेगळी प्रक्रिया आहे. ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा रीसायकल बिन आधी चालू करून ठेवा, म्हणजे चुकून गेलेले खाते परत आणता येते.

मग तुम्ही केलेला सीनेम डीएनएसमधून काढून टाका. सीनेमबद्दलचा नियम डीएनएसच्या मूळ मांडणीतलाच आहे, १९८७ सालच्या आरएफसी १०३४ या मानक दस्तऐवजातला: ज्या नावावर सीनेम आहे त्यावर दुसरी कोणतीही नोंद असता कामा नये. पुढची पायरी त्याच नावाची ए-नोंद (नावावरून थेट आयपीकडे नेणारी) तयार करणार आहे, म्हणून सीनेम आधी हटवायचा.

नंतर डोमेन ॲडमिनच्या हक्काने नव्या सर्व्हरवर ही कमांड: ‘नेटडॉम कम्प्युटरनेम’, पुढे नव्या सर्व्हरचे नाव, पुढे ‘/ॲड:’ आणि त्याला जोडून डोमेनसकट पूर्ण ॲलियस, म्हणजे लक्ष्मी आणि पुढे तुमच्या डोमेनचे नाव. ही एकच कमांड तिन्ही ठिकाणी काम करते. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत नव्या सर्व्हरच्या खात्यावर जादा नाव आणि त्याच्या सेवा-नोंदी चढतात, सर्व्हर स्वतः त्या नावाला ओ द्यायला लागतो, आणि डीएनएसमध्ये त्या नावाने तो स्वतःची नोंद करतो. ‘/एन्युमरेट’ लावून तीच कमांड दिली की सर्व्हरची सगळी नावे दिसतात. ‘/मेकप्रायमरी’ हा पर्याय मात्र वापरू नका, त्याने सर्व्हरचेच नाव बदलते. काम झाल्यावर रात्री सर्व्हर एकदा रीस्टार्ट करा, म्हणजे जुन्या पद्धतीने नाव शोधणाऱ्या संगणकांनाही ते सापडेल.

तपासणीसाठी ‘सेटएसपीएन’. ‘-एल’ आणि सर्व्हरचे नाव दिले की त्या खात्यावरच्या नोंदी दिसतात. त्यांत ‘होस्ट/लक्ष्मी’ आणि ‘होस्ट/लक्ष्मी’ पूर्ण डोमेनसह, अशा दोन्ही हव्यात. फाइल सेवेची वेगळी नोंद लागत नाही, ती ‘होस्ट’मध्येच धरली जाते. ‘-एक्स’ दिले की एकाच नावाची नोंद दोन खात्यांवर आहे का ते शोधून देते. हाताने नोंद घालायची वेळ आली तर ‘-एस’ वापरा, तो आधी दुहेरी नोंद आहे का ते तपासतो. डोमेन कंट्रोलर दोन असतील तर एकावरचा बदल दुसऱ्यावर पोहोचेपर्यंत थांबा. संगणकांवर जुनी तिकिटे आणि जुने डीएनएस उत्तर साठलेले असते. ‘केलिस्ट पर्ज’ आणि ‘आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस’ द्या, किंवा सगळ्यांना एकदा लॉगऑफ करायला सांगा.

जुने लेख वाचून कोणी तुम्हाला रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यात) ‘डिसेबल-स्ट्रिक्ट-नेम-चेकिंग’ घालायला सांगेल. तो विंडोज सर्व्हर २००३ आणि एसएमबीच्या (फाइली शेअर करायच्या विंडोजच्या पद्धतीच्या) पहिल्या आवृत्तीच्या काळातला उपाय आहे. नेटडॉमने नाव दिल्यावर त्याची गरज पडत नाही. उलट बाजूची एक सेटिंग मात्र लक्षात ठेवा: सुरक्षा धोरणात सर्व्हरच्या नावाची कडक तपासणी कोणी चालू केली असेल तर अनोळखी नावाने आलेल्याला सर्व्हर दारातूनच परत पाठवतो. सगळे बरोबर करूनही नकार येत असेल तर तिथे पाहा.

सर्व्हरवरच बसून \\लक्ष्मी उघडले आणि पासवर्ड पुन्हा पुन्हा मागितला जात असेल तर घाबरू नका. संगणक स्वतःलाच दुसऱ्या नावाने हाक मारतो तेव्हा विंडोज ती फसवणूक समजून अडवते. ही तपासणी सर्व्हर २००३ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून आहे. पूर्ण तपासणी बंद करायचा सल्ला सगळीकडे मिळतो, तो घेऊ नका. रजिस्ट्रीत ‘बॅक-कनेक्शन-होस्ट-नेम्स’ या यादीत तेवढे एक नाव घाला.

आता चिंचोळी. तुम्ही लिहिले आहे की तिथे कधी उघडते, कधी ‘नेटवर्क पाथ सापडला नाही’ येते. हा वेगळा आजार आहे आणि आपल्याकडच्या ऑफिसांत मला तो सगळ्यांत जास्त दिसतो. तिथल्या संगणकांना डीएनएस म्हणून पहिला तुमचा सर्व्हर आणि दुसरा ८.८.८.८ किंवा ब्रॉडबँडच्या राउटरचा पत्ता दिलेला असणार. ‘पहिला बंद पडला तर इंटरनेट तरी चालेल’ असा त्यामागचा विचार असतो. व्हीपीएन जरा मंदावली, पहिल्या डीएनएसचे उत्तर वेळेत आले नाही, की संगणक दुसऱ्याला विचारतो. गूगलच्या डीएनएसला तुमच्या कारखान्यातला ‘लक्ष्मी’ माहीत असण्याचे कारण नाही. तो ठामपणे सांगतो की असे नाव नाही, आणि विंडोज ते उत्तर खरे मानून काही वेळ लक्षातही ठेवते. म्हणून डोमेनमधल्या संगणकांना फक्त आतले डीएनएस द्या. दुसरा हवा असेल तर दुसरा डोमेन कंट्रोलर उभा करा, शक्यतो चिंचोळीलाच. बाहेरची नावे शोधायचे काम आतल्या डीएनएसने पुढे पाठवायचे, संगणकांनी नाही.

त्याच युनिटमध्ये दुसरी गोष्ट तपासा: डीएचसीपी राउटर देत असेल तर तो बहुधा डोमेनचा सफिक्स (नावापुढे जोडायचे डोमेनचे नाव) देत नाही. मग डोमेनमध्ये नसलेल्या संगणकावर नुसते ‘लक्ष्मी’ लिहिले की त्याला पुढे काय जोडायचे ते कळत नाही, पूर्ण नाव लिहिले की उघडते. तपासताना ‘एनएसलुकअप’वर एकट्यावर विसंबू नका. ते थेट डीएनएस सर्व्हरला विचारते, संगणकातली होस्ट्स फाइल आणि साठवलेले उत्तर बघत नाही. ‘पिंग’ मात्र संगणक प्रत्यक्ष ज्या वाटेने नाव शोधतो त्याच वाटेने जाते. दोघांची उत्तरे वेगळी आली तर दोष त्या संगणकात आहे.

पूर्ण नाव वापरायचे ठरवलेत तर त्याला एक शेपूट आहे. ज्या नावात टिंब नाही ते विंडोज आतल्या नेटवर्कचे समजते. टिंब असलेले नाव ते इंटरनेटचे समजते आणि शेअरवरचा प्रोग्रॅम उघडताना दर वेळी ‘ही फाइल उघडायची का’ असे विचारते. डिझाइन विभागात याची तक्रार लगेच येईल. ग्रुप पॉलिसीत (सगळ्या संगणकांना एका जागेवरून सेटिंग पाठवायच्या सोयीत) तुमचे डोमेन इंट्रानेट झोनमध्ये घाला, म्हणजे विचारणे थांबेल.

एसक्यूएलचा भाग थोडा वेगळा आहे. तुमच्या उत्पादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये पत्ता ‘लक्ष्मी\एसक्यूएलएक्सप्रेस’ असा आहे. यातला पहिला भाग डीएनएस सोडवते. बॅकस्लॅशच्या पुढचा भाग म्हणजे इन्स्टन्स (त्या सर्व्हरवर चालणारी एसक्यूएलची एक प्रत), आणि त्याचा पोर्ट (दाराचा क्रमांक) सर्व्हरवरची एसक्यूएल ब्राउझर ही सेवा सांगते, यूडीपी १४३४ वर. डीएनएसमधला ॲलियस इन्स्टन्स किंवा पोर्ट कधीच वाहून नेत नाही. नव्या सर्व्हरवर इन्स्टन्सचे नाव तेच असेल, ब्राउझर सेवा चालू असेल आणि फायरवॉलमध्ये दार उघडे असेल तर काहीही न बदलता चालेल. नव्यावर साधी डीफॉल्ट इन्स्टन्स टाकली असेल तर प्रत्येक संगणकावर एसक्यूएलचा स्वतःचा ॲलियस करावा लागतो, ‘क्लिकॉन्फिग’ने (टाइप करायचे cliconfg). तिथे जुना पूर्ण पत्ता लिहायचा आणि त्याच्यासमोर नवा सर्व्हर व पोर्ट १४३३. यात लोक हमखास अडकतात, कारण ६४ बिट विंडोजवर हे साधन दोन ठिकाणी असते: सिस्टिम३२ मधले ६४ बिट प्रोग्रॅमसाठी आणि सिसवाव६४ मधले ३२ बिट प्रोग्रॅमसाठी. नावे उलटी वाटतात, पण तसेच आहे. आपल्याकडची बहुतेक कारखानदारी सॉफ्टवेअरे अजून ३२ बिट आहेत, तेव्हा दोन्हीकडे नोंद करा. ही नोंद रजिस्ट्रीत बसते, म्हणून ग्रुप पॉलिसीने सगळीकडे पाठवता येते, संगणक-संगणक फिरायची गरज नाही. तरी माझे मत असे की जुळवून घेता येत असेल तर नव्या सर्व्हरवर इन्स्टन्सचे नाव जुनेच ठेवावे. एसक्यूएलचे असे ॲलियस संगणकाच्या पोटात असतात, पाच वर्षांनी येणाऱ्या माणसाला ते दिसत नाहीत.

सॉफ्टवेअर एसक्यूएलच्या स्वतःच्या लॉगिनने आत जात असेल तर कर्बेरोसचा प्रश्न तिथे येत नाही. विंडोजच्या लॉगिनने जात असेल तर ज्या खात्यावर एसक्यूएलची सेवा चालते त्या खात्यावर ‘एमएसएसक्यूएलएसव्हीसी/लक्ष्मी:१४३३’ अशी नोंद, पूर्ण नावासहही, ‘सेटएसपीएन -एस’ने करून ठेवा. इन्स्टन्सचा पोर्ट वेगळा असेल तर नोंदीतही तोच पोर्ट.

प्रिंटर ॲलियसमधून चालवायचा हट्ट करू नका. २०२१ नंतरच्या सुरक्षा अपडेटपासून प्रिंट सर्व्हर दुसऱ्या नावाने जोडताना ७०९ क्रमांकाची त्रुटी येऊ लागली. रजिस्ट्रीतून वाट काढता येते, पण ग्रुप पॉलिसीने सर्व्हरच्या खऱ्या नावावरून प्रिंटर वाटणे जास्त टिकाऊ आहे.

आता मूळ गोष्ट. ‘लक्ष्मी’ हे एका डब्याचे नाव होते आणि साठ संगणकांनी ते पाठ केले. नवा डबा आला, जुने नाव त्याच्या गळ्यात बांधावे लागले. हेच पुन्हा चार-पाच वर्षांनी होऊ नये असे वाटत असेल तर आता कामाला नाव द्या, डब्याला नको. ‘डिझाइन’, ‘हिशेब’, ‘उत्पादन’ अशी तीन-चार नावे. आज ती सगळी एसएलआर-एफएस-०१ कडेच जातील. उद्या डिझाइनच्या मोठ्या फाइलींसाठी वेगळा सर्व्हर आला तर फक्त ‘डिझाइन’ हे नाव उचलून तिकडे न्यायचे, अकाउंट्सला कळणारही नाही. नाव पंधरा अक्षरांच्या आत ठेवा, कारण नेटबायोस या नाव शोधायच्या जुन्या पद्धतीची मर्यादा तेवढीच आहे आणि आपल्या कारखान्यांत एखादे तरी सॉफ्टवेअर अजून तिच्यावर चालते. अंडरस्कोर टाळा. माणसाचे, मजल्याचे, कंपनीचे, विंडोजच्या आवृत्तीचे नाव नको. ‘सर्व्हर२०१२’ या नावाखाली २०२२ चालवणारी ऑफिसे मी पाहतो आणि तिथे नवा माणूस रोज गोंधळतो.

फाइलींपुरते बोलायचे तर ॲलियसहून चांगला मार्ग डीएफएस नेमस्पेसचा आहे. त्यात पत्ता सर्व्हरच्या नावाने सुरू होतच नाही, डोमेनच्या नावाने होतो: \\डोमेन\कामे\डिझाइन. खाली प्रत्यक्ष फोल्डर कोणत्या सर्व्हरवर आहे ते तुम्ही एका जागी बदलता. विंडोज सर्व्हरमध्येच हे येते, वेगळे पैसे नाहीत, आणि डोमेन असल्यामुळे तुमची अर्धी तयारी झालेलीच आहे. नव्या फोल्डरांसाठी तेच वापरा. ‘लक्ष्मी’ हा पूल आहे, तो जुन्या पत्त्यांसाठी.

एखादा लिनक्स सर्व्हर असेल, बॅकअपचा वगैरे, तर सांबाच्या (लिनक्सवरून विंडोजला फाइली शेअर करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) कॉन्फिगमध्ये ‘नेटबायोस ॲलियसेस’ ही ओळ आहे. आणि तुम्ही स्वतः एसएसएचने (दुरून कमांड द्यायच्या जोडणीने) त्यावर जाता तेव्हा लांब पत्ते पाठ करायला नकोत: तुमच्या होम फोल्डरमधल्या डॉट-एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘होस्ट’ म्हणून छोटे नाव आणि त्याखाली खरे नाव, युजर, पोर्ट लिहून ठेवा. ते फक्त तुमच्या संगणकापुरते असते, तेव्हा ते आणि ऑफिसचे ॲलियस एकमेकांत मिसळू नका. आतली एखादी वेबसाइट एचटीटीपीएसवर असेल तर नवे नाव प्रमाणपत्रातही लागेल, नाहीतर ब्राउझर अडवेल.

बदल केव्हा करायचा? संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेची सुट्टी असते, पॅकिंगचा एखादा विभाग सोडला तर ऑफिस रिकामे असते. त्या दिवशी करा. डीएनएसमध्ये हाताने केलेल्या नोंदीचे आयुष्य (ती इतर संगणकांवर साठून राहण्याची मुदत) मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर मुळात एक तासाचे असते. जी नावे हलवणार त्यांचे आदल्या दिवशीच पाच मिनिटांवर आणा, म्हणजे काही बिघडले तर परत फिरायला तासभर थांबावे लागणार नाही. आठवडाभर सुरळीत गेले की पुन्हा एक तास. अकाउंट्सचा एक डोमेनमधला संगणक, डिझाइनचा एक आणि चिंचोळीचा व्हीपीएनवरचा एक, एवढ्या तिन्हींवर ‘केलिस्ट’मध्ये तिकीट पाहिल्याशिवाय घरी जाऊ नका. जे संगणक वर्कग्रुपमध्ये राहिले आहेत ते याच निमित्ताने डोमेनमध्ये घ्या.

‘लक्ष्मी’ काढायची घाई करू नका. डीएनएस सर्व्हरवर चौकशीचा लॉग चालू करा. त्यात कोणता संगणक अजून ते नाव विचारतो ते त्याच्या आयपीसह दिसते. तिथून एकेक एक्सेलची लिंक, एकेक शॉर्टकट शोधून बदलत जा. मार्चअखेर आणि त्यानंतरचे ऑडिट होईपर्यंत नाव राहू द्या, कारण वर्षातून एकदाच उघडणाऱ्या फाइली तेव्हाच बाहेर येतात. ऑडिट संपल्यावर महिनाभर लॉगमध्ये एकही चौकशी आली नाही, की ‘नेटडॉम कम्प्युटरनेम’ला ‘/रिमूव्ह’ लावून ते नाव काढा आणि ‘सेटएसपीएन -एल’ने ते खात्यावरूनही गेल्याची खात्री करा.